दाजींनी तळं गढूळ केलं

माझे दाजी चष्मेवाले, म्हणजे चष्म्यांचं दुकान आहे त्यांचं. बहिणीचा नवरा म्हणून कौतुक करतो असं नाही, पण असा चष्मेवाला मी दुसरा पाहिला नाही. समोरच्याच्या काचेवर डाग दिसला की बोलता बोलता त्याच्या नाकावरून चष्मा उतरवतात, पुसतात आणि पुन्हा चढवतात. मग समोर व्याही असोत नाहीतर बँकेचा साहेब. मी यावरून त्यांची भरपूर टिंगल केली आहे. माझं रंगाचं दुकान. माझी नखंसुद्धा त्यांना बघवत नाहीत.

घरामागच्या अंगणात त्यांचं 'कोई' या रंगीत जपानी माशांचं तळं आहे. पाणी इतकं नितळ की मासे हवेत टांगल्यासारखे दिसत. त्यात एक जुनी मासोळी, पांढऱ्या अंगावर केशरी पट्टे असलेली. कोणीही काठाशी आलं की ही सगळ्यांत आधी वर येऊन चौकशी करणार, म्हणून तिचं नाव आत्याबाई. ती दाजींच्या हातून खायची. बहीण म्हणायची, बायकोशी बोलत नाहीत तेवढं हे तिच्याशी बोलतात. त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती.

मग आत्याबाई तळाशी जाऊन बसली. पर अंगाला चिकटलेले, केशरी रंग धुवट झालेला, खाणं बंद. आणि दाजींनी जे केलं ते फक्त चष्मेवाल्यालाच सुचावं. त्यांच्या दुकानात काचा धुवायला एक यंत्र आहे, नळाच्या पाण्यातलं झाडून सगळं काढून टाकणारं. ते पाणी काचेवर वाळलं तरी डाग पडत नाही. दाजी केव्हापासून त्याच पाण्याचे कॅन भरभरून आणत होते आणि तळ्यातलं पाणी काढून ते ओतत होते. ती जितकी मलूल होत गेली तितके कॅन वाढले. माणूस जीव तोडून चुकत होता.

शेवटी बहिणीने माशांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी पाणी तपासलं आणि म्हणाल्या, यात काहीच नाही. दाजी क्षणभर सुखावले. त्यांना ती शाबासकी वाटली. बाईंनी मग शांतपणे समजावलं. क्षार नाहीत, चुना नाही, अशा कोऱ्या पाण्यात माशाच्या अंगातलं मीठच झिरपून जातं. आता नळाचं पाणी, त्यातलं क्लोरीन घालवून, थोडं थोडं घाला. आणि खनिजमाती द्या. ती माती स्वतःतले क्षार पाण्यात सोडते, घाण स्वतःला चिकटवून घेते आणि हळूहळू खाली बसते. तोवर तळं गढूळ राहील, पण कोणीही उपसायचं नाही. बाईंनी एक गोष्ट लपवली नाही. उद्यापर्यंत मासोळीने घास घेतला तर आशा, नाहीतर त्यांच्याही हातात काही नाही.

दाजींचा चेहरा उतरला. मला वाटलं आता यंत्राची बाजू घेऊन भांडतील, मी असतो तर भांडलो असतो. त्यांनी फक्त विचारलं, माती कुठे मिळेल.

कालवायला मला बोलावलं, कारण गुठळी न होऊ देता पूड कालवणं हा माझा धंदाच. करडी, मैद्यासारखी मऊ माती. बादलीत आधी पातळ केली आणि तळ्यात पडणाऱ्या छोट्या धबधब्यावरून दाजींनी स्वतः ओतली. मी ओततो म्हटलं तर ऐकलं नाही. बघता बघता तळ दिसेनासा झाला, मग मासे दिसेनासे झाले. सगळं तळं राखाडी. बहीण म्हणाली, अति तिथे माती म्हणतात ते खोटं नाही. एरवी आम्ही तिघंही हसलो असतो.

दुपारी बहिणीचाच धीर सुटला. आत आत्याबाई मेली असेल आणि आपण वर बसून राहू, असं म्हणत पाणी उपसायचा पंप लावायला निघाली. दाजी पंपाच्या बटणापुढे उभे राहिले. बायकोला नाही म्हणताना मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"दिसत नाही म्हणून उपसायचं नाही," ते म्हणाले. "सगळं दिसावं म्हणूनच मी तिला इथवर आणलंय."

ती परत काठाशी जाऊन बसली. मी दुकानाकडे निघालो.

संध्याकाळी दुकान बंद करून गेलो तर दाजी काठावर पालथे पडलेले, बाही खांद्यापर्यंत वर, मुठीत खाद्य, हात गढूळ पाण्यात. बहीण शेजारी बसलेली. ती म्हणाली, केव्हाचे असेच आहेत, जेवलेही नाहीत. बाकीचे मासे येऊन खाद्य पळवत होते. दाजी हात काढायचे, मूठ भरायचे, पुन्हा बुडवायचे. धुळीचा एक कण ज्याला सहन होत नाही तो माणूस त्या चिखलवणी पाण्याशी इतक्या सबुरीने बसला होता की मला त्यांचा खरंच अभिमान वाटला. तोंडावर सांगितलं नाही, इथे सांगतो.

अंधारून यायला लागलं तेव्हा त्यांचा खांदा एकदम थबकला.

"मेहुणे," ते हळूच म्हणाले, "आली."

मी वाकून पाहिलं. करड्या पाण्याखेरीज काही नव्हतं. विचारलं, कशावरून? दुसरा कुठला तरी असेल.

"बाकीचे हिसकावतात. ही आधी बोटं चोखते."

बहिणीने पदर डोळ्यांना लावला. मग सवयीने तिचा आवाज चढला. पाणी गार आहे, हात बधिर होईल, काढा आता.

दाजी हलले नाहीत.

"थांब ना," ते म्हणाले. "खातेय ती."