शेपटीचा एक्स-रे

खोल समुद्रातून वर आलेल्या जाळ्यात तो चपटा लेप मासा मलाच सापडला. दोन्ही डोळे एकाच अंगाला, पोट आतून काळं. पण शेपटीचे काटे नेहमीपेक्षा दोन कमी भरले, आणि आमच्या संशोधन संस्थेतल्या सरांनी तो माझ्या हातातून जवळजवळ हिसकावला.

"नवी जात आहे!"

"सर, आधी एक्स-रे काढूया."

"तू बाटल्या धू. बाटल्या धुणाऱ्याने मध्ये तोंड घालू नये."

मी बाटल्या धुतल्या. ते घरी गेल्यावर एक्स-रेही काढला. शेपटी कधीतरी कुठल्या माशाने तोडली होती आणि जखम भरून आखूडच परत फुटली होती. जात जुनीच होती. मी गप्प बसले. म्हटलं, चढू दे अजून, उंचावरून पडलं की जास्त लागतं.

सरांनी शोधनिबंध छापला. जातीला नाव दिलं सासऱ्यांचं, म्हणजे आमच्या माजी संचालकांचं. माझा उल्लेख आभारातसुद्धा नाही.

सत्काराला सासरे पहिल्या रांगेत बसले होते. प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा मी उठले आणि पडद्यावर एक्स-रे लावला. ती तुटकी हाडं शेंबड्या पोरालाही कळली असती. सासरे उठले आणि जावयाकडे न बघता चालते झाले.

सर दातओठ खात माझ्यापाशी आले. "तुला आधीच माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"बाटल्या धूत होते ना, सर."