पीडीएफवलेलं व्याकरण

क्रांती चौकातल्या एका क्लासमध्ये सुलेखा मॅडम स्पर्धा परीक्षेच्या पोरांना मराठी व्याकरण शिकवायच्या. त्या दिवशी नामांवरून झालेली क्रियापदं चालली होती. हातावरून हाताळणं, लाथेवरून लाथाडणं, असं फळ्यावर लिहून त्यांनी हौसेनं विचारलं, "आजकालची सांगा की एखादी."

"टोरंटणं!" मागून शिवम ओरडला. "पिक्चर टोरंटला, म्हंजी फुकटात उतरवला, मॅडम. अन् सॉफ्टवेअर क्रॅकवलं."

वर्ग हसला, मॅडमही हसल्या. शिवमला चेव आला.

"पीडीएफवणं बी हाये. पुस्तक इकत घ्यायचं नाय, फोटो मारून ग्रुपवर सोडायचं. तुमचं बी आम्ही पीडीएफवलेलंच वाचतो की!"

आता फक्त वर्ग हसला. मॅडमनी सहा वर्षं खपून लिहिलेलं पुस्तक ते. शिवमच्या तोंडावर लाज तर सोडाच, उलट मॅडमना आनंद होईल असाच भाव होता. सुलेखाला शिसारी आली. खडू खाली ठेवून तिनं तास तिथंच संपवला.

जिन्यात मोनिका थांबली होती. वैजापूरकडची अबोल पोरगी, खोली करून राहायची.

"मॅडम, राग नका मानू. 'शिपायाने चोरास पकडले' हा तुमच्या पुस्तकात कर्मणी प्रयोग दिलाय. मी परीक्षेत तेच लिहिलं. उत्तर भावे निघालं. माझी निवड एका मार्कानं हुकली."

"भावेच आहे. मी भावेच लिहिलंय."

मोनिकानं मोबाइल पुढं केला. पानावर 'कर्मणी' होतं. सुलेखानं पिशवीतलं छापील पुस्तक उघडलं, तिथं 'भावे'. मग तिनं मोबाइलवरची पानं मागं सारली. पहिल्या पानावर क्लासचा शिक्का होता अन् तिचं नाव खोडलेलं. हे छापील पुस्तक नव्हतंच. दुरुस्त्यांच्या आधीचा कच्चा मसुदा होता, अन् त्याची एकच प्रत तिनं बाहेर दिली होती. प्रस्तावनेसाठी, तात्यासाहेबांना. क्लास त्यांचाच.

ती तशीच चोरीचा जाब विचारत त्यांच्या केबिनमध्ये शिरली. तात्यासाहेब फरसाण खात होते.

"सुलेखाताई, चोरी कसली हो? पोरं गरीब हायती. अन् फुकटात तुमचीच जाहिरात झाली."

"जाहिरात? माझं नाव खोडून?"

"नावाला काय घेऊन बसलात? इद्या वाटल्यानं वाढते, म्हणतात ना." बोटं चाटत त्यांनी फरसाणाची बशी पुढं सरकवली. "घ्या."

त्या तेलकट बोटांकडं बघून तिनं बशी परत सारली. ह्याच माणसाला ती इतकी वर्षं सर म्हणत आली होती.

"उद्यापासून मी येणार नाही," एवढंच बोलून ती बाहेर पडली.

पण मोनिकाचा मार्क डोक्यातून जाईना. आणखी किती पोरांनी तसंच लिहिलं असेल? दोघी मोनिकाच्या खोलीवर मसुदा अन् पुस्तक शेजारी ठेवून बसल्या. सतरा चुका निघाल्या. त्या पोचवायच्या कुठं? मसुदा जिथं पसरला होता तिथंच. जन्मात कधी न शिरलेल्या त्या ग्रुपात सुलेखा शिरली. आत चार हजारांवर माणसं होती. एकेका लेखकाची वर्षानुवर्षांची मेहनत कांदे ओतावेत तशी तिथं ओतलेली. तिनं नाक मुठीत धरून सतरा दुरुस्त्या टाकल्या, खाली आपलं पूर्ण नाव लिहिलं.

पसंतीच्या अंगठ्यांची रांग लागली. मग एकानं विचारलं, "मॅडम, भाग दोन कधी टाकताय?"

चुकलो, असं म्हणणारा त्यात एकही नव्हता. शिवमनं तर 'थँक्यू मॅडम' म्हणून जोडलेल्या हातांचा इमोजी पाठवला.

सुलेखा आता हर्सूलला आपल्या घरीच शिकवते. नऊ पोरं येतात, त्यांत मोनिका आहे. दुसऱ्या भागाची वही कपाटात पडून आहे. भाऊ विचारतो, छापत का नाहीस? ती वही काढते, चार पानं चाळते, अन् त्या ग्रुपातले अंगठे आठवून शिसारी येते, तशी ती परत कपाटात ठेवते.