पहिल्या नंबरचं कॉलेज

देवळीच्या पंचायत समितीत कृष्णकांतबाबू शिक्षण विभागाचे कारकून होते आणि बदलीचा फॉर्म भरावा तर त्यांनीच, असं तालुक्यातले सगळे मास्तर मानत. त्यांचा एक ठरलेला नियम होता. वीस गावं मागायची असली तर पहिल्या नंबरवर असं गाव टाकायचं, जे कोणीच मागत नाही. चांगल्या गावाच्या मागे लागलं की तेही जातं, हातचंही जातं आणि मास्तर फेकला जातो थेट जिल्ह्याच्या टोकाला. या नियमाने त्यांनी कित्येकांचे संसार एका जागी ठेवले होते, तेही नुसत्या चहावर.

त्यामुळे इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचे फॉर्म निघाले तेव्हा वॉर्डातल्या आठ मुलांचे आईबाप त्यांच्याच दारात आले. नववा फॉर्म त्यांच्या स्वतःच्या मुलीचा, शाल्मलीचा. तिला सीईटीत शहाण्णव पर्सेंटाइल होते आणि पुण्यात कॉम्प्युटर शिकायचं, हे तिने दहावीपासून मनात धरलं होतं. बाबूंनी नऊच्या नऊ फॉर्म आपल्या नियमाने भरले. पहिल्या नंबरवर वर्ध्याजवळचं हमखास मिळणारं खासगी कॉलेज, बाकीची खाली.

"बाबा, पुण्याचं एक तरी नाव वर टाका ना," शाल्मली म्हणाली होती.

"मागून पाहाले आपण काय हेमराजशेठसारखे पैसेवाले आहो? आधी पक्कं ते घेऊ. पुण्याचं पुढच्या फेरीत पाहू."

पहिली फेरी लागली. नऊच्या नऊ जणांना पहिल्या पसंतीचं कॉलेज! वॉर्डात फटाके फुटले. पुंडलिकरावांचा मुलगा त्या नवांत होता. त्यांनी त्याच संध्याकाळी समाजमंदिरात बाबूंचा सत्कार ठेवला. बाबूही, खोटं कशाला सांगायचं, जरा फुगलेच होते.

सत्काराला नवा शर्ट घ्यावा म्हणून ते हेमराजशेठच्या कापड दुकानात गेले. शेठची रुचिका शाल्मलीच्याच वर्गातली, पर्सेंटाइल त्र्याण्णव, आणि तिला पुणं लागलं होतं. डोनेशन दिलं असेल, असं बाबूंनी धरूनच ठेवलं होतं.

"डोनेशन कायचं? यादीतूनच लागलं. अकराव्या नंबरचं." शेठनी मोबाइलवर रुचिकाच्या पसंतीची यादी दाखवली. साठ नावं. वर सगळं मुंबई-पुणं, आणि बाबूंचं हमखास कॉलेज पार सत्तावन्नाव्या नंबरवर.

"वरचे धा हुकले, तरी खालचं गेलं नाई?"

"खालचं कुठं जाते? वरचं मागाले काही लागत नाई, बाबू. अन् पहिल्या नंबरचं लागलं का तेच पक्कं, पुढच्या फेऱ्या बंद. म्हणून पहिले आपल्याले झेपणार नाई असंच नाव टाकाचं."

"हे तुमाले कोणं सांगतलं?"

"नागपूरच्या सल्लागारानं. पंचवीस हजार घेतले ना त्यानं."

नियम माहितीपुस्तिकेत छापलेला होता, फुकट. बाबूंनी ती उघडलीही नव्हती. बदल्यांचे फॉर्म भरून भरून त्यांना जगातले सगळे फॉर्म सारखेच वाटू लागले होते.

शर्ट न घेताच ते घरी आले आणि शाल्मलीला सगळं सांगितलं, काही न लपवता.

"म्हणजे आपण मागतलं असतं तं मिळालं असतं," ती म्हणाली.

"हो." एवढंच म्हणताना बाबूंना रडू फुटलं. शाल्मलीने त्यांना पाणी दिलं. पण जाऊ द्या, असं काही ती म्हणाली नाही.

"बाकीच्याइले सांगा," ती म्हणाली. "संध्याकाळी सारेच येऊन राह्यले."

समाजमंदिरात शाल अंगावर पडायच्या आत बाबूंनी माइक धरला. "शाल ठेवा बाजूले. माह्यामुळं पोराइचं नुकसान झालं," म्हणाले आणि नियम समजावून सांगितला. कोणाच्या पोराला कुठे लागलं असतं, तेही नाव घेऊन सांगितलं.

मग पुंडलिकराव उठले. "जाऊ द्या बाबू. लागलं असतं तरी येवढ्या दूर आपण पोरं कुठं पाठवणार होतो?"

सगळ्या आईबापांनी माना डोलावल्या. पहिल्या रांगेत बसलेल्या नऊ मुलांपैकी एकानेही डोलावली नाही.