काचेपलीकडे मोठे डॉक्टर

कानाच्या दवाखान्यात पंधरा वर्षं लोकांचं ऐकणं मोजणाऱ्या ताईंनी एकदा स्वतःचेच कान मोजले. डाव्याचा आलेख पार खाली घसरलेला. तो कागद घेऊन ताई तिथल्याच मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या; चालताना तोल जातो, तेही सांगितलं.

डॉक्टर हसले. "वय झालं, ताई. बाकी मनाचे खेळ. चक्करची गोळी घ्या."

गोळ्या चार वर्षं चालल्या. तोवर कानाच्या नसेवरची, कुणी शोधलीच नव्हती ती वाटाण्याएवढी गाठ लिंबाएवढी झाली. शेवटी दुसऱ्याच इस्पितळातल्या सर्जनबाईंनी कानामागचं हाड कोरून, नऊ तास खपून ती काढली. चेहऱ्याची नस वाचली. ऐकण्याची मात्र गाठीत पुरती गुरफटलेली, ती गेली.

"गाठ लहान असताना आला असतात, तर कानही राहिला असता कदाचित," बाई हळहळल्या.

ताई पुन्हा कामावर रुजू झाल्या, त्याच दवाखान्यात. दुसरीकडे कुठे हे डॉक्टर भेटणार होते?

दोन वर्षांनी ते स्वतःच तपासणीच्या खुर्चीत येऊन बसले. "बायकोने पिच्छा पुरवलाय. म्हणे, फोन सारखा उजव्याच कानाला लावता. उरका पटकन."

ताईंनी त्यांना हेडफोन चढवले, आवाज ऐकू आला की दाबायचं बटण हातात दिलं, आवाजबंद खोलीचं दार लावलं आणि काचेअलीकडे बसल्या. उजवा कान ठणठणीत. डाव्याच्या वेळी डॉक्टर डोळे मिटून बटण दाबत सुटले. ताईंनी यंत्रावरचा हात काढून मांडीवर ठेवला. थापा मारणारा पेशंट असा पकडायचा, हे त्यांना डॉक्टरांनीच शिकवलं होतं. तरी यंत्रावरचा बटणाचा दिवा लुकलुकत राहिला. पाच वेळा.

त्यांनी माइक ओढला. "डॉक्टर, मी केव्हाची काहीच वाजवत नाहीये."

डॉक्टर लालबुंद झाले. "वयाचं असेल. तसं लिहून टाका."

"वय काय एकाच कानाचं होतं? की मनाचे खेळ म्हणून लिहू?"

हे वाक्य ताईंनी दोन वर्षं भांडी घासताना घोळवलं होतं. वाटलं होतं त्याहून गोड लागलं.

डॉक्टर बाहेर आले, ताईंच्या डावीकडे उभे राहून काहीतरी पुटपुटले.

"त्या बाजूने नाही. इकडून या."

ते खुर्चीला वळसा घालून आले. "चुकलं माझं, ताई."

ताईंनी चिठ्ठी पुढे केली. डोक्याचा एमआरआय, आजची तारीख, खाली सर्जनबाईंचा नंबर. "गाठ असेलच असं नाही. पण मी काही चार वर्षं लावणार नाही."

डॉक्टरांनी हात पुढे केला. ताईंनी चिठ्ठी सोडली नाही. स्वच्छ ऐकू आलं होतं, तरी उजवा कान पुढे करून म्हणाल्या,

"काय म्हणालात? जरा मोठ्याने."