आराखड्यात राहून गेलेलं कोपर

जहाजाच्या इंजिनरूममध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. खलाशी, आचारी, कारकून, सगळे बूट-चपला शिडीपाशी काढून दोन मजली डिझेल इंजिनापुढे हात जोडून उभे होते. इंजिन सुरू व्हायचं आणि जरा जोर लावला की धापा टाकत बंद पडायचं. गेल्या महिन्यात वाळकेबाबांनी ते एकदा बरं केलं होतं, म्हणून आज मालक स्वतः त्यांना हाताला धरून घेऊन आले होते.

बाबा म्हणजे नुसती काडी, पण आवाज भोंग्याचा. "यंत्र रुसलंय! एका माणसाची सावली त्याला सोसत नाही!" बोट वळलं ते थेट मुख्य मेकॅनिककडे. तीस वर्षं इंजिनांत घालवलेल्या त्या धिप्पाड माणसानं मान खाली घातली.

"मिस्त्री, आजच उतरा जहाजावरून," मालक म्हणाले.

मिस्त्रींची लेक शेजारीच होती. इंजिनाच्या कारखान्यात ती आराखडे काढायची. या इंजिनाचा आराखडाही तिचाच, म्हणून तक्रार आल्यावर कारखान्यानं तिलाच धाडलं होतं. बापाची, अप्पांची, खाली गेलेली मान बघून ती पुढे सरली.

"भिंतीकडे तोंड करा! डोळे मिटून पाचशे मोजा! बघेल तो आंधळा होईल!" बाबा गरजले आणि शिष्य पत्रा बडवायला लागला. लेकीनं तोंड वळवलं, पण डोळे उघडेच ठेवले. अडचणीतलं बघायचा अप्पांचा दांडीचा आरसा तिनं हळूच खांद्यावर धरला. बाबांचा हात इंजिनामागच्या फटीत पार खांद्यापर्यंत गेला होता.

पाचशे झाले. इंजिन धडधडलं, जोर लावल्यावरही धडधडत राहिलं. जयजयकार झाला.

"बाबा, झोळी बघू," ती म्हणाली.

"खबरदार! झोळीत देव आहे!"

"मग देवाला डिझेलचा वास कसा?" तिनं झोळी उपडी केली. गाळानं काळाठिक्कर पडलेला डिझेलचा फिल्टर बाहेर पडला.

इंजिन थांबवून तिनं आपल्या बारीक हातानं बाबांनी बसवलेला नवा फिल्टर काढला आणि तोच जुना परत बसवला. इंजिन पुन्हा धापा टाकायला लागलं. नवा बसवला, तर झकास चालू! "अप्पा, आता तुम्ही पुढे उभे राहा, सावलीसकट." अप्पा उभे राहिले. इंजिनाला काहीही झालं नाही.

"मी... आधी सुट्या भागांच्या दुकानात होतो," बाबा पुटपुटले. आता आवाज डासाचा.

मालक मिस्त्रींवर उखडले. "मग हा फिल्टर तुम्ही का नाही बदललात?"

उत्तर लेकीनं दिलं. "त्यांचा हात तिथं जातच नाही. पाइप सोडवायचे तर सहा तास लागतात. चूक माझी आहे. कागदावर जागा भरपूर दिसत होती, पण माणसाला कोपर असतं हे मी विसरले."

"मला ठाऊक होतं गं," अप्पा हळूच म्हणाले. "सहा तास मागितले असते तर कारण सांगावं लागलं असतं. म्हटलं, पोरीचं नाव कशाला खराब करा."

तिला रडूच कोसळलं. "तुम्ही गप्प बसलात, अप्पा, म्हणून तर बाबांना बोलायला मिळालं."

मिस्त्री जहाजावरच राहिले. नव्या आराखड्यात फिल्टर पुढे आला, छातीच्या उंचीवर, आणि शेजारी तिनं एक जाडजूड हात कोपरासकट काढला. मापं अप्पांची घेतली. तेव्हा मंडळी, कुणी डोळे मिटा म्हटलं, की आधी ते नीट उघडा. आणि चूक आपली असेल, तर बाबा पोचायच्या आत ती आपणच सांगून टाका.