तीन शायांचा तपकिरी

आमच्या छापखान्यात पाऊल टाकलं की आधी शाईचा वास यायचा, मग मशीनमामाचं गाणं. दोन्ही सहन करायची सवय लागते, असं दादा म्हणायचा. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो ‘तोलवीर’ या चित्रकथेची चित्रं काढायचा आणि मी ती रंगवायचे. कोसळता पूल खांद्यावर तोलून धरणारा तोलवीर! दर महिन्याला बत्तीस पानं, आणि बत्तिसावं पान दर महिन्याला उशिरा.

मशीनमामा छपाईचं यंत्र चालवायचा. दोन खांद्यांवर कागदाची दोन रिमं घेऊन जिना चढायचा, म्हणून दादाने तोलवीरसाठी त्यालाच उभं केलं. जेवणाच्या सुट्टीत तो गळ्याला टेबलावरचा हिरवा कपडा बांधायचा आणि खिडकीपाशी डोक्यावर रिकामं खोकं धरून थांबायचा. खोकं म्हणजे पूल. पाच मिनिटांत विचारायचा, “ताई, हलू का? नाक खाजतंय.”

“पूल पडेल,” मी म्हणायचे. मग त्याला हसू फुटायचं, खोकं हलायचं आणि दादा माझ्यावर डाफरायचा. तेवढी सुखाची दुपार मला पुन्हा कुठल्याच नोकरीत मिळाली नाही.

मामा काळा होता. त्याचे आजोबा बोटीतून मजुरीला आले, तीन पिढ्या इथल्याच मातीत गेल्या, तरी लोकांच्या तोंडी ते ‘बाहेरचे’च. दादाने त्याचं रुंद नाक, भरीव ओठ, सगळं जसंच्या तसं काढलं. पण पहिला अंक छापून आला तेव्हा तोलवीर गोरापान होता. पुढे त्या रंगाला शोभावं म्हणून दादाने काढलेलं नाकही अंकागणिक बारीक होत गेलं.

मामाने तो पहिला अंक यंत्रावरून उचलला, उलटसुलट करून पाहिला. “छान आलंय,” म्हणाला. “पण ताई, मी पोरीला सांगून बसलोय, बापाचं चित्र येणार म्हणून. आता तिला काय दाखवू?”

मी म्हटलं, “काय करणार मामा, तपकिरीला पिवळी, लाल, निळी अशा तीन शाया लागतात. आपल्या हलक्या कागदावर तीन शायांत काळी रेघ बुडते.”

“असेल ताई,” तो म्हणाला, आणि यंत्र सुरू करायला गेला. पुढे अकरा वर्षं तो खोकं धरून उभा राहिला. ती गोष्ट त्याने पुन्हा काढली नाही. आता मामा नाही, दादाही नाही. मामाच्या मुलीचं बाजारात चष्म्यांचं दुकान आहे. मी पलीकडच्या फुटपाथने जाते.

शाईची ही कथा मी नंतर मुलाखतींतून इतक्यांदा सांगितली की ती माझी मलाच पाठ झाली.

मागच्या आठवड्यात सिनेमावाले घरी आले. तोलवीरवर चित्रपट निघतोय, आणि त्यांनी भूमिकेसाठी एक काळा नट निवडलाय. झालं! जुने वाचक खवळले. ‘मूळ चित्रकथेशी इमान राखा’ म्हणत माझीच पानं पुरावा म्हणून नाचवायला लागले. पैसे घालणारे घाबरले. नट बदलायचा की ठेवायचा, हे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ठरणार होतं.

कलाकार निवडणारी बाई चटपटीत होती. बरोबर तो नट, पंचविशीतला, दारातच चपला नीट जोडून ठेवणारा. पोराचं वागणं मला आवडलं. “आजी,” तो म्हणाला.

“आजी म्हणालास तर चहा मिळणार नाही.”

“मावशी,” त्याने लगेच सुधारलं.

मी कपाटातून पहिल्या अंकाचा रंगाचा नमुना बाहेर काढला. पूर्वी चित्राच्या प्रतीवर आधी जलरंग भरायचे आणि बाजूला पेन्सिलीने कुठली शाई किती टक्के ते लिहायचं, त्यावरून छापखाना काम करायचा. या नमुन्यात तोलवीरच्या चेहऱ्यावर दादाने स्वतःच्या हाताने तपकिरीचा एक ठिपका दिला होता आणि शेजारी लिहिलं होतं, ‘मामासारखा’. त्यावर माझी काट होती. खाली माझ्याच अक्षरात, ‘फिका करणे’.

बाई आनंदाने जवळजवळ उडालीच. “मावशी, म्हणजे मुळात तो काळाच होता! आणि तुमचं ते शाईचं कारण तर सगळ्यांना माहीत आहे. छान झालं. तेवढं मोबाइलवर बोला, कुणावर काही यायचं नाही.”

तिने चित्रीकरणासाठी मोबाइल समोर धरला. नट तोवर पहिला अंक चाळत होता. एका पानावर तो थांबला. खलनायकाचं पान. गडद तपकिरी चेहरा, कपाळावरच्या आठ्या, भुवईचा केस न् केस स्वच्छ उठलेला.

“मावशी,” त्याने हळूच विचारलं, “शाई याला बसली?”

मामाने न विचारलेला प्रश्न होता तो. आणि खलनायकाचं ते पान मामानेच छापलं होतं, त्याच यंत्रावर, त्याच कागदावर, त्याच दिवशी. रेघ बुडत नाही हे त्या इमारतीत सगळ्यात चांगलं त्यालाच ठाऊक होतं. तरी तो ‘असेल ताई’ म्हणाला. माझा शब्द खाली पडू नये म्हणून! मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

“नाही बसली कशी,” मी म्हटलं. “उत्तम बसली.”

बाईने मोबाइल खाली घेतला. “मावशी, शाईचंच राहू द्या ना. तुमच्या मागे लोक हात धुऊन लागतील.”

“लागू देत. धर तो वर.” मग मी एका दमात बोलून टाकलं. शाईचा दोष नव्हता. काळा माणूस पूल वाचवतोय, हे मलाच रुचेना. खलनायक रंगवताना माझा हात एकदाही अडखळला नाही. दादाने विरोध केला, मी ऐकलं नाही. ज्यांना इमान राखायचंय त्यांनी मशीनमामाशी राखावं, कारण तोलवीर तोच आहे.

बाईने मोबाइल पर्समध्ये टाकला. पोराने डोळे पुसले की काय, मी पाहिलं नाही. मी रंगांची पेटी शोधत होते.

पहिल्या अंकातल्या तोलवीरच्या पानाची एक कोरी, न रंगवलेली प्रत शिल्लक होती. पोराला खिडकीपाशी उभं केलं आणि डोक्यावर बुटांचं खोकं दिलं. पिवळा, लाल, निळा मिसळत त्याच्या कपाळाचा रंग जुळवला. रंग जागच्या जागी बसला.

“मावशी, हलू का?” त्याने विचारलं.

मी मानेनेच नको म्हटलं.

काम झाल्यावर पान उजेडात धरलं. दादाची रेघ न् रेघ दिसत होती. मामाचं रुंद नाक, भरीव ओठ, सगळं.

“हे मला देणार?” पोराने विचारलं.

“नाही रे. नमुना ने, तुझं काम तेवढ्याने होईल. हे चष्म्याच्या दुकानात द्यायचंय. बापाचं चित्र येणार म्हणून एक पोर वाट बघत होती.”

रंग वाळेपर्यंत त्यांना चहा दिला. मग पायात चपला घातल्या आणि दुकानाच्या बाजूच्या फुटपाथने निघाले.