तिल्दाची शेजारीण

रीका हाकालाच्या खुर्चीत बसण्यासाठी बायका ताटकळत थांबायच्या. तिचा हात केसांना चांगला होताच, पण खरं कारण तिचे गाल. कॅनडातल्या थंडर बे गावचा हिवाळा म्हणजे नोव्हेंबरातच माणसांची तोंडं पिठात घोळल्यासारखी होतात. रीकाच्या गालांवर मात्र मार्चपर्यंत लाली. आरशातून बघत बायका विचारायच्या, "खरं सांग, काय लावतेस?"

"काही नाही गं. सौनाची वाफ आणि वर थंडगार पाणी. आम्हा फिनिश लोकांचं रक्तच तसलं," असं म्हणून रीका हसायची. पार्लरची मालकीण डोरीन गल्ल्यापाशी बसून पुस्ती जोडायची, "रक्त विकत मिळत नाही हो, बायांनो. केस तेवढे रंगवून घ्या."

एप्रनच्या आतल्या खिशात मलमाची ट्यूब असायची, हे डोरीनलाही ठाऊक नव्हतं.

लहानपणी रीकाला कोपराच्या खोबणीत इसब होतं. डॉक्टरांनी सौम्य मलम दिलं, बरं वाटलं. पुढे लग्नाच्या आदल्या आठवड्यात हनुवटीवर चट्टा उठला, तेव्हा तिने हातासाठी मिळालेलं जालीम स्टेरॉइडचं मलम तोंडाला चोळलं. दोन दिवसांत चेहरा असा उजळला की फोटोवाल्याने विचारलं, मेकअप कुणी केला? तिथून सवय लागली. एका डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "हे तोंडाला रोज नको हं." रीकाने मान डोलावली आणि पुढच्या वेळी दुसरा दवाखाना गाठला. एकीकडे सांगायची हाताला हवंय, दुसरीकडे सांगायची पायाला. गालांवरची ती लाली रक्ताची नव्हती आणि सौनाचीही नव्हती. वर्षानुवर्षं मलम खाऊन कातडी पातळ झाली होती आणि खालच्या शिरा वर दिसत होत्या.

मग मलम पुरेनासं झालं. सकाळी लावलं की दुपारी चेहरा पेटायचा. इंटरनेटवर तिने आपल्यासारखे चेहरे पाहिले, हे मलमानेच होतं असं वाचलं, आणि त्याच दिवशी कुणाला न विचारता तिने होत्या नव्हत्या त्या सगळ्या ट्यूबा कचऱ्यात टाकल्या.

आठवडाभरात तिचं तोंड सुजून डोळे बारीक झाले. दंड ते मनगट लालभडक, जणू कुणी तांबड्या बाह्या चढवल्या होत्या, आणि तळवे मात्र तसेच पांढरे. मानेतून चिकट पाणी झिरपायचं, ते वाळलं की डोकं वळवताना कातडी फाटायची. घरात हीटर चालू असताना ती कुडकुडायची. सकाळी चादरीवर कोंडा सांडल्यासारखा खपल्यांचा सडा. कुणी उठायच्या आत ती व्हॅक्यूम फिरवून तो उचलायची. नवरा वेस ट्रक घेऊन आठवडा आठवडा बाहेर असायचा. घरी आला की ती तळघरातल्या खोलीत झोपायची. तो दारातून म्हणायचा, "रीका, मला काय होतंय? मी बघितलंय ना सगळं." ती म्हणायची, "बघितलंस तेवढं पुरे."

पार्लरमध्ये तिने कळवलं, आई आजारी आहे, काही दिवस येत नाही. डोरीन मनाने मोठी. तिने रीकाच्या आईच्या, हेल्मीच्या, घरी भाजलेल्या मॅकरोनीची परात आणि फुलांचा गुच्छ धाडून दिला. हेल्मी त्या वेळी अंगणातलं बर्फ फावड्याने उपसत होती. तिने तडक लेकीला फोन लावला.

"मला काय झालंय गं? दारात फुलं आलीत. मी गेले की जायच्या बेतात आहे, तेवढं सांग. म्हणजे त्याप्रमाणे झोपते."

रीकाला हसू आलं. हसताना ओठाचा कोपरा चिरला. "तूच आजारी आहेस असं सांगितलंय, आई."

"आणि तू?"

"मला जरा ॲलर्जी झालीय."

हेल्मीने परातीतली मॅकरोनी चाखली. मग म्हणाली, "मॅकरोनी चांगली आहे. पण खोट्याची चव लागते."

रीकाची मुलगी तिल्दा आठ वर्षांची, आइस हॉकीच्या मुलींच्या संघात गोल अडवायची. तिला रिंकवर, बर्फाच्या मैदानावर, न्यायचं काम आता आजीकडे होतं. एका शनिवारी हेल्मीची गाडी थंडीने गोठून सुरूच होईना, आणि वेस विनिपेगपलीकडे होता. रीकाने टोपी ओढली, मफलर नाकापर्यंत गुंडाळला आणि गेली. खेळ संपेपर्यंत गाडीतच बसून राहिली. पण बूट सोडायला कुणीतरी हवं, म्हणून आत जावंच लागलं.

कपडे बदलायच्या खोलीत हीटर धगधगत होता. उबेत शिरताच तिच्या मानेला मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखी खाज सुटली. मफलर ओला होऊन कातडीला चिकटला होता. सहन होईना, तेव्हा तिने तो खाली ओढला. तिल्दाच्या शेजारी बाकावर बसलेली ब्रिन नावाची मुलगी बघतच राहिली. तिच्या आईने डबा आवरता आवरता आपलं पोर किंचित जवळ ओढलं. किंचितच. पण रीकाने ते पाहिलं.

"तिल्दा, या कोण?" ब्रिनने विचारलं.

तिल्दाने तोंड उघडलं. तिच्या आधीच रीका बोलून गेली, "मी शेजारीण. तिची आई कामात आहे ना, म्हणून न्यायला आले."

तिल्दाने वर पाहिलं. कुणी खेळता खेळता मध्येच नियम बदलला की लहान मुलं बघतात, तसं. मग खाली वाकून तिने आपल्या बुटांच्या नाड्या स्वतःच सोडवल्या. गाठ निघत नव्हती. रीका मदतीला वाकली, तर तिने पाय मागे घेतला.

गाडीत ती एक अक्षर बोलली नाही. घरी आल्यावर दारात बूट झटकत म्हणाली, "सोडल्याबद्दल आभारी आहे, शेजारीणबाई."

पुढे तेच चालू झालं. "शेजारीणबाई, दूध संपलंय." "शेजारीणबाई, आईला सांगा, शाळेत पैसे द्यायचेत." आवाज अगदी सभ्य. रीकाला वाटायचं, हिने ओरडावं, काहीतरी फेकावं. रागावण्याचा हक्क आपल्याला उरलेला नाही, हे तिला कळत होतं. ती मुकाट्याने दूध आणायची.

हेल्मीने ते एकदा ऐकलं. तिल्दा वर गेल्यावर तिने विचारलं, "हे काय नाटक?"

रीकाने खाली मान घालून सगळं सांगितलं. "तिच्यासाठीच केलं, आई. पोरं चिडवतात. असली आई कुणाला हवी असते?"

"तिच्यासाठी?" हेल्मीने कॉफीचा कप बाजूला सारला. "ती सांगणार होती ना, ही माझी आई म्हणून? तोंड उघडलं होतं ना तिने? तिला लाज नव्हती वाटली. तुला वाटली, आणि बिल तिच्या नावावर फाडलंस."

रीकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई बोलली ते खरं होतं. ते तिला रिंकवरच, शब्द तोंडातून सुटतानाच ठाऊक होतं.

दोन दिवसांनी तिला ताप भरला. मानेवरचं पाणी पिवळं झालं, त्याला वास येऊ लागला. हेल्मीने काही विचारलंच नाही, कोट अंगावर टाकला आणि त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर ओडेट पेरॉन, पन्नाशीच्या, आवाज हळू.

"कोणतं मलम? किती दिवस?"

"अधूनमधून," रीका म्हणाली. "थोडंसं."

डॉक्टरांनी लिहिलं नाही. पेन हातात धरून थांबल्या. हेल्मी खिडकीबाहेर बघत होती. त्या शांततेत रीकालाच आपलं खोटं ऐकू आलं. मग तिने सांगितलं. लग्न, ट्यूबा, दवाखान्यांत मारलेल्या थापा, एप्रनचा खिसा. सांगताना तिचे कान पेटले, आणि ते या आजाराने नव्हतं. आता डॉक्टर झापणार, म्हणून ती बसल्या जागी आक्रसली.

डॉक्टर म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. मलम शत्रू नसतं. नीट वापरलं तर इसबाला तेच तारतं. पण इतकं जालीम, तोंडाला, इतकी वर्षं, आणि मग एका दिवसात बंद, तेही एकटीने... फार सोसलंत तुम्ही."

झापलं असतं तर रीकाने निभावलं असतं. या बोलण्याने तिला रडू फुटलं, आणि खारं पाणी गालांवर आगीसारखं झोंबलं.

संसर्गासाठी गोळ्या मिळाल्या, स्टेरॉइड नसलेलं दुसरं औषध मिळालं, झोपेसाठी काही, आणि दर काही आठवड्यांनी येऊन दाखवायचं ठरलं. "बरी कधी होईन?" तिने विचारलं.

"महिने लागतील. कदाचित वर्षावर. दोन पावलं पुढे, एक मागे. मागे गेलात की तोंड लपवू नका, मला फोन करा."

ताप उतरल्यावर रविवारी दुपारी हेल्मीने तिला घरामागच्या सौनात, वाफ घ्यायच्या लाकडी खोलीत, बोलावलं. "तापवलेलं नाही," ती आधीच म्हणाली. "डॉक्टरणीला विचारलंय. कोमट पाणी, बस्स. खोलीची थंडी मोडलीय तेवढी."

लाकडी फळीवर रीका कपडे काढून पाठमोरी बसली. जन्मल्यापासून ज्या जागी तिला कधी लाज शिवली नव्हती, तिथे ती गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. हेल्मीने तिची पाठ वरपासून खालपर्यंत बघितली.

"झालं ना बघून?" रीका म्हणाली.

"बघतेय कुठून सुरुवात करू. उकडलेला बटाटा सोलायला घ्यावा आणि मध्येच कुणीतरी हाक मारावी, तशी दिसतेस."

"आई!"

"मग खोटं बोलू? खोटं तुझ्याकडे आहे भरपूर." आणि तिने डावाने पाणी घेऊन लेकीच्या खांद्यावर हळूच सोडलं. "माझ्या आईला मी याच फळीवर शेवटची आंघोळ घातली. तू पोटात असताना इथेच बसून पाय शेकायचे. इथे अंग लपवायचं नसतं, पोरी. लपवायला जागा तरी कुठाय?"

पाणी संपलं. हेल्मीने दाराबाहेर हाक दिली, "तिल्दा, बादली आण."

रीका दचकली. "नको, तिला नको..." पण दार उघडलं होतं. तिल्दा दोन्ही हातांनी बादली सावरत आत आली आणि थबकली. आईला तिने कितीतरी दिवसांत बाह्या आणि कॉलर यांच्याशिवाय पाहिलंच नव्हतं. रीकाने टॉवेल ओढला. हेल्मीने तो शांतपणे काढून खुंटीला लावला आणि डाव नातीच्या हातात दिला.

"पाठीवर. हळू."

तिल्दाने पाणी ओतलं. थोड्या वेळाने तिने विचारलं, "दुखतं?"

"हो."

"आत्तापण?"

"आत्ता कमी."

पुन्हा पाणी. मग, मागूनच, बारीक आवाजात, "तुला माझी लाज वाटली होती?"

"नाही गं!" रीका गर्रकन वळली. मान चिरली, तरी वळली. "माझी मला. तुझी कधीच नाही. तू मला आई म्हणणार होतीस आणि मी तुला म्हणू दिलं नाही. चुकलं माझं, तिल्दा. फार वाईट वागले मी."

तिल्दाने डावातल्या पाण्याकडे पाहिलं. "हो," ती म्हणाली. "वाईटच होतं." एवढंच. जवळ आली नाही. पण उरलेली बादली तिनेच ओतली, शेवटच्या थेंबापर्यंत.

हिवाळा असाच सरत होता. कातडी थोडी बसायची, रीका आरशात बघून आनंदायची, आणि पुढच्या आठवड्यात चेहरा पुन्हा पेटायचा. एकदा रागाच्या भरात तिने कचऱ्याची पेटी उपसली. त्या ट्यूबा केव्हाच गेल्या आहेत हे माहीत असूनही. मग स्वतःलाच शरमून डॉक्टर पेरॉनना फोन केला. डोरीनला तिने खरं सांगितलं. डोरीन आधी भडकली, "माझी मॅकरोनी एका ठणठणीत बाईने खाल्ली!" आणि मग म्हणाली, सकाळपुरती ये, मागच्या खुर्चीवर. एक जुनी गिऱ्हाईक रीकाकडे बघून डोरीनच्या खुर्चीत जाऊन बसली. ते लागलं. रीकाने झाडू घेतला आणि जमिनीवरचे केस गोळा केले.

रिंकवर ती पुन्हा गेली नव्हती. फेब्रुवारीत तिल्दाच म्हणाली, "तू येऊ शकतेस. पण ब्रिनला तूच सांगायचं. मी नाही."

तेव्हा रीकाच्या हनुवटीवर आणि मानेवर अजून चट्टे होते. ती मफलर न गुंडाळता गेली. ब्रिन बाकावर बूट बांधत होती, तिची आई शेजारी. रीका तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"ब्रिन, त्या दिवशी मी खोटं बोलले. मी शेजारीण नाही. मी तिल्दाची आई आहे."

"माहितीये," ब्रिन नाडी ओढत म्हणाली. "तुमची दोघींची नाकं सेम आहेत."

ब्रिनच्या आईचा चेहरा लाल झाला. म्हणजे सगळ्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. एका बाईने स्वतःच्या पोरीला भर लोकांत नाकारलं, हे सगळ्यांनी पाहिलं होतं आणि घरोघरी त्याची चर्चाही झाली असणार. रीकाला तिथून पळून जावंसं वाटलं. ती गेली नाही. ब्रिनच्या आईने सरकून बाकावर जागा केली आणि म्हणाली, "बसा ना. इथून गोल नीट दिसतो." रीका बसली. तिल्दाने त्या दिवशी चार गोल खाल्ले.

उन्हाळ्यापर्यंत हात बरेच निवळले. चेहरा आता कुणी वळून बघावा असा राहिला नाही, चांगल्या अर्थानेही नाही आणि वाईट अर्थानेही नाही. कानामागे, बोटांच्या बेचक्यांत अजून फुटतं. गिऱ्हाइकाने जवळून निरखलं की ती अजूनही खाली बघते.

पुढच्या मोसमात ड्रायडनहून सामना हरून परतताना वेस गाडी चालवत होता, बाहेर भुरभुर बर्फ होतं. मागच्या सीटवर तिल्दाला डुलकी लागली आणि तिचं डोकं रीकाच्या दंडावर येऊन टेकलं. घामेजलेले केस टोचत होते. दंडाला खाज सुटली. आधी बारीक, मग चांगलीच. रीकाने हात हलवला नाही.

वेसने आरशातून विचारलं, "टोपी देऊ का डोक्याखाली?"

"नको," ती म्हणाली. "असू दे."